अंगठा वर केला की थांबायचं

पोरं एकदम गप्प झाली म्हणून मी मागे वळून पाहिलं. चार-पाच वर्षांची वीसेक पोरं झाडाखाली असतात आणि एकाएकी गप्प होतात, तेव्हा समजायचं की वाट लागली. मी पाण्याच्या पिंपापाशी हात धूत होते, तशीच धावले. मातीतल्या गोलात आमचा सगळ्यात धिप्पाड पोरगा उताणा पडला होता आणि त्याच्या छातीवर आमची सगळ्यात काटकुळी पोरगी बसली होती. दोन्ही मुठींनी ती त्याच्या तोंडावर हाणत होती. रडत नव्हती, ओरडत नव्हती. कपडे धोपटावेत तशी, एका लयीत. त्या पोराचा उजवा हात वर आला होता, अंगठा ताठ. अंगठा वर होता आणि ती थांबत नव्हती.

मी तिला काखेत हात घालून उचललं. हवेतसुद्धा तिच्या मुठी चालूच होत्या, दोन माझ्या गालावर बसल्या. पोराचं तोंड रक्ताने भरलं होतं. तो मातीत थुंकला तर त्यात पुढचा एक दात. दुधाचाच होता, आधीपासून हलतही होता म्हणे, पण रक्त ते रक्त. दात बघितल्यावर मग त्याने भोकाड पसरलं.

"त्याने अंगठा वर केला होता ना गं?" मी तिला विचारलं. माझा आवाज चढलेला.

"हो."

"मग?"

ती माझ्या हातातून निसटली. गोलाबाहेर तिचे लाल गमबूट होते, ते जाऊन घातले, उजवा डाव्या पायात. आणि फणसाला पाठ लावून बसून राहिली.

आमची ही शाळा म्हणजे तशी शाळा नव्हेच. बोरिवलीला पूर्वेकडे, जंगलाच्या कुंपणाला लागून, ओळखीच्या एका कुटुंबाची वाडी आहे. थोडे आंबे, एक जुना फणस, बांबूचं बेट, आणि मागे एक ओढा, तो दिवाळीनंतर आटायला लागतो. आठवड्यातून तीन सकाळी मुलं येतात आणि उघड्यावर असतात. भिंत नाही, फळा नाही. चिखल, काटक्या, दोर, किडे. मी आणि माझी मैत्रीण मिळून चालवतो. ती रीतसर कोर्स करून आलेली, पार्ल्याची, आवाज कधी चढत नाही. मी घाटकोपरच्या चाळीतली. आई मालवणची, बाप गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झालेला, आणि माझं निम्मं आयुष्य बालवाडीत गेलेलं. मुलं तिला छोटी ताई म्हणतात आणि मला मोठी ताई. मोठी म्हणजे आवाजाने.

पालकांना वाटतं की जंगलात मूल शांत होतं. मैत्रिणीलाही आधी तसंच वाटायचं. मला हसू येतं. अहो, जंगल कधी बघितलंय का तुम्ही? आमच्या फणसावर शिक्रा साळुंकीला जिवंतपणी सोलतो आणि खाली पोरं डबे उघडून बसलेली असतात. मुंगळे नाकतोड्याला ओढून नेतात, त्याचा एक पाय अजून हलत असतो, आणि पोरं शेजारी पालथी पडून तो किती वेळ हलतो ते बघत असतात. एकदा माकडाने एका पोराच्या हातातलं केळं नेलं, ते जाताजाता त्याच्या थोबाडीत ठेवून देऊन. शांत कोण होणार इथे? पहिल्याच महिन्यात पोरांनी काठ्या उचलल्या आणि एकमेकांना बडवायला सुरुवात केली.

मैत्रीण म्हणाली, "आपण काठ्यांचे नियम करू या."

मी म्हटलं, "काठ्यांचे कशाला? मारामारीचेच कर ना. होणारच आहे तर नीट होऊ दे."

असा तो गोल सुरू झाला. बांबूच्या बेटाशेजारी मऊ माती आहे, तिथे खुंट रोवून काथ्याचा दोर लावला. ज्यांना लढायचंय त्यांनी आधी एकमेकांना विचारायचं. बूट बाहेर, काठी बाहेर. डोळे नाही, गळा नाही, चावायचं नाही. बाकीच्यांनी दोराबाहेर बसायचं. आणि ज्याला पुरे झालं त्याने मूठ वळायची, अंगठा ओठांना लावायचा, वर करायचा आणि टाइमप्लीज म्हणायचं. समोरच्याने तिथल्या तिथे दोन्ही हात वर घ्यायचे, मग राग डोक्यात कितीही असू दे. जो थांबणार नाही तो सगळ्यांचा. म्हणजे बाहेर बसलेल्या सगळ्यांनी आत जाऊन त्याला दाबून धरायचं.

टाइमप्लीज माझं. मैत्रिणीच्या कोर्समध्ये दुसरं काहीतरी होतं, पण त्यात मी ऐकलं नाही. आमच्या चाळीत पकडापकडी असो, लंगडी असो, अंगठा वर गेला की मजल्यावरचा सगळ्यात मवाली पोरगासुद्धा हात आवरायचा. घरात त्याचा काही उपयोग नव्हता. बाप पट्टा काढायचा तेव्हा आई म्हणायची, "गप रव गो, रडा नको, रडलंस तर आणखी मारतलो." पण दाराबाहेर, जिन्यात, गच्चीवर तो अंगठा चालायचा. सगळे पाळतात असा एवढा एकच कायदा मला लहानपणी माहीत होता. तो या पोरांना द्यावा असं मला वाटलं.

आणि पोरांनी तो पाळला. इतकी मारामारी व्हायची, कुणाचं कोपर सोलायचं, कुणाचे केस उपटले जायचे, पण अंगठा वर गेला की थांबायचीच. आजवर कुणी मोडलं नव्हतं. म्हणूनच त्या दाताच्या दिवशी सगळी नुसती बघत राहिली. थांबत नाही अशाचं काय करायचं ते त्यांनी कधी केलंच नव्हतं.

लाल बुटांची ती पोरगी पाच वर्षांची. आई बँकेत, बाप कुठल्याशा मोठ्या कंपनीत, टॉवरमध्ये घर. आई स्कूटरवरून आणायची, दारात सोडून घाईने जायची. पोरगी गोलात उतरली की दुप्पट वजनाच्या पोरांना लोळवायची, आणि स्वतः कधीच अंगठा वर करायची नाही. तोंडावर बसो, पोटात बसो, नाही म्हणजे नाही. "तिला लागतच नाही," पोरं म्हणायची. मीही म्हणायचे, झकास गं, वाघीण आहेस. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती उजव्या अंगठ्याला पट्टी बांधून आली. आई म्हणाली, गाडीच्या दारात सापडला. पट्टी सुटली तेव्हा अंगठा जरा वाकडा जुळला होता, नख बाहेरच्या बाजूला बघत होतं.

दात पडला त्याच दुपारी त्या पोराची आई वाडीत येऊन उभी राहिली. बाई तशी चांगली, पण त्या दिवशी काही ऐकून घ्यायला तयार नव्हती. "ती मुलगी राहणार असेल तर माझा मुलगा राहणार नाही," ती म्हणाली. "आणि मी एकटी नाहीये. ग्रुपवर बघा." ग्रुपवर आग लागलेलीच होती. संध्याकाळपर्यंत अर्ध्या पालकांनी तेच लिहिलं. मैत्रिणीने कसंबसं या महिन्यापुरतं सगळ्यांना थोपवलं. परत एकदा असं झालं तर पोरगी बाहेर, असं ठरलं. मी हो म्हटलं, म्हणजे म्हणावं लागलं.

पुढच्या वेळी मी तिला घेऊन ओढ्यावर बसले. ती काटकीने चिखल उकरत होती.

"त्याने अंगठा वर केला होता. तू का नाही थांबलीस?"

"अंगठा वर केला की थांबत नाहीत," ती म्हणाली. मला एक साधी गोष्ट कळत नाहीये आणि ती समजावून सांगतेय, असा सूर.

"इथे थांबतात गं."

"खोटं खोटं असतं ते. मी घरी केला होता."

"कुणाला?"

"बाबाला. तो आईला मारत होता, मग मला. मी टाइमप्लीज म्हटलं." तिने काटकी खाली ठेवली, माझा अंगठा आपल्या मुठीत घेतला आणि सगळा जोर लावून मागे वाकवला. "असं केलं त्याने."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पाच वर्षांच्या पोरीच्या हाताने आलं, तर त्या बाप्याच्या हाताने काय झालं असेल. डोक्यात अशी तिडीक गेली की उठून त्याच्या टॉवरवर जावं आणि त्याला जिन्यावरून फरफटत खाली आणावं. मी मैत्रिणीला सांगितलं. तिने ओळखीच्या एका समुपदेशक बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आधी आईशी एकटीशी बोला, त्याला काही कळू देऊ नका, मी येते भेटायला.

मी आईला गेटवर गाठलं. ती स्कूटरवरून उतरलीसुद्धा नाही.

"अंगठा गाडीच्या दारात नाही सापडला," मी म्हटलं.

"ती गोष्टी रचते, ताई. तुम्हाला माहितीये ना, मुलं..."

"मला करून दाखवलंय तिने."

ती हेल्मेटचा पट्टा ओढत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत ना तिला ते. ते बघूनच तो जास्त पिसाळला. म्हणाला, मला थांबवतेस तू?"

मला थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"तिला काढू नका," ती म्हणाली. "ती या तीन सकाळी तरी घराबाहेर असते."

"आणि तू गं?"

"मी बँकेत असते ना." मुलुंडला तिचा भाऊ होता. त्याला काय तोंडाने सांगणार, असं काहीतरी पुटपुटून तिने स्कूटर सुरू केली.

त्या दिवशी मी पोरीला फणसाखाली बसवून सांगितलं की नियम खोटा नाही, तुझ्या बाबाने तो मोडला.

तिने विचार केला. "मग तो सगळ्यांचा का नाही झाला?"

मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची तर मला सवय आहे. देव कुठे राहतो, मेलेली साळुंकी कुठे गेली, सगळं सांगते मी. याच्यावर मला माझ्यापुरतंच सांगता येत होतं.

"तू मला करून बघ," मी म्हटलं. "कधीही कर. मी कितीही चिडलेली असू दे, माझ्या हातात काहीही असू दे. तू अंगठा वर केलास की मी थांबणार."

"नको," ती म्हणाली, आणि अंगठा मुठीत घेऊन बसली.

मला बाकी काही नको होतं. तिने आमच्या शाळेत राहावं, आणि एकदा, फक्त एकदा, तिने तो अंगठा वर करावा आणि समोरचं माणूस थांबलेलं बघावं. नाही तर ती जन्मभर कुणालाच थांबायला सांगणार नाही, आणि स्वतःही थांबणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. असं मोठं झालेलं माणूस मी घरात पाहिलेलं आहे.

पालकांचा रविवार आधीपासून ठरलेला होता. त्या दिवशी आईबाबांनी मुलांच्या नियमांनी खेळायचं, असा आमचा रिवाज आहे. मी म्हटलं, रद्द कर. मैत्रीण म्हणाली, "रद्द केला तर पालकांना वाटेल आपण तोंड लपवतोय, आणि तिला काढायलाच सांगतील. आणि समुपदेशक बाई त्याच दिवशी येणार आहेत, आईला जरा बाजूला घेऊन बोलायला." बाईंची गाडी दहिसरला अडकली, त्या पोचल्या ते सगळं आटोपल्यावर.

तो आला. पांढरा टीशर्ट, गोड हसू, सगळ्यांसाठी समोशांचा खोका. "ताई, घरी सारखं तुमचंच नाव असतं," म्हणाला. मी समोसा घेतला नाही.

गोलात बाप लोक उतरायला लागले. कुणी आपल्या पोरीच्या एका धक्क्याने मुद्दाम आडवा होत होता, कुणी खरोखरच. दात पडलेल्या पोराने आपल्या ढेरपोट्या बापाला असा लोळवला की बापाने घाईघाईने अंगठा वर केला आणि सगळी वाडी हसली. मग तो पांढरा टीशर्ट उठला. "चल बेटा, आपण." पोरीने बूट काढले, एकमेकांना लावून नीट ठेवले आणि आत गेली. मी पुढे होईपर्यंत गेलीही.

त्याने तिला अलगद आडवी पाडली आणि वर गुडघा ठेवला. हसत होता. गुदगुल्या करत होता. "हरलीस? बोल, हरलीस?" पालक हसत होते, मोबाइल वर धरून शूटिंग करत होते. मोठ्यांना खेळ दिसत होता. पोरं मात्र हसत नव्हती, कारण त्यांना दिसत होतं की हिचे हात चालत नाहीयेत. सगळ्यांना लोळवणारी ती पोरगी डोळे मिटून लाकडासारखी पडली होती, दोन्ही मुठी आवळून, अंगठे आत.

दात पडलेला पोरगा उभा राहिला. त्याने आपला अंगठा ओठांना लावला आणि वर केला. "तिची टाइमप्लीज मी घेतो," म्हणाला.

"अरे वा, वकील आलाय," बाप म्हणाला. गुडघा तसाच.

मग दुसरं एक पोर उभं राहिलं, मग तिसरं, सगळ्यांचे अंगठे वर. मी दोरावर पाय टाकला, तेवढ्यात माझ्या बाजूने तिची आई आत गेली. चपला घालूनच गेली. त्याच्या समोर उभी राहिली, मूठ वळली, अंगठा ओठांना लावला आणि वर केला. "टाइमप्लीज," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मागच्यांना ऐकूही गेला नसेल.

त्याने वर बघितलं. हसू अजून तोंडावरच होतं. आणि आपल्या घरातल्या अंधारात हात बटणावर जावा तसा त्याचा हात न बघता तिच्या अंगठ्यावर गेला आणि त्याने तो मागे मोडला. कट असा आवाज झाला. ती गुडघ्यांवर आली, तर दुसऱ्या हाताने तिच्या कानाखाली. इतक्या लोकांसमोर आवरायला हवं होतं हे त्याच्या लक्षात आलंच असणार, पण हात आधी पोचला होता. सवयीचा हात.

मग तो सगळ्यांचा झाला.

वीसेक पोरं दोर ओलांडून एकदम आत गेली. चावायचं नाही हा नियम त्या दिवशी कुणी पाळला नाही. एक त्याच्या दंडाला दातांनी लटकली, दोघांनी केस धरले, कुणी कानात माती कोंबली. तो गुडघ्यांवर आला. त्याने एका पोरीला दंडाला धरून भिरकावली, ती खुंटावर आपटली आणि तिच्या कपाळातून रक्त आलं. दात पडलेल्या पोराच्या पोटात त्याने लाथ घातली. मोठी माणसं अजून जागची हलली नव्हती. ती लाथ मी बघितली आणि माझं डोकं सटकलं.

त्या पोरीच्या आपटण्याने खुंट सैल झाला होता. हातभर लांब, भरीव बांबू. मी तो उपसला, पोरांना बाजूला ढकललं आणि त्याला मारायला सुरुवात केली. खांद्यावर, पाठीवर, मांडीवर. तो पालथा पडला, उजवा हात डोक्यावर घेतला, आणि त्या हातावर मी नेम धरून मारलं, बोटांवर, पुन्हा बोटांवर. तो "ताई, ताई" करत होता. मला ऐकू येत होतं आणि ऐकून बरं वाटत होतं. कुणीतरी मागून माझा पदर ओढत होतं, बहुतेक मैत्रीण, मी कोपर मारून सुटले. त्याचा हात डोक्यावरून घसरला. डोकं उघडं पडलं. मी बांबू दोन्ही हातांनी वर घेतला.

"टाइमप्लीज."

ती मध्ये उभी होती. अनवाणी, केसांत माती, चड्डी ओली झालेली. तिचा वाकडा अंगठा ओठांजवळून वर गेला, पुरता ताठ होईना, तरी वर गेला. "टाइमप्लीज, ताई."

मला थांबायचं नव्हतं. आज सगळे मला विचारतात की भानावर आलीस ना, म्हणून थांबलीस ना. छे. मी पूर्ण भानावर होते आणि मला अजून एक मारायचा होता, डोक्यात. खांद्यापासून मनगटापर्यंत सगळा हात तेच मागत होता. पण ती गयावया करत नव्हती. ती माझ्या चेहऱ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती माझ्या हातांकडे बघत होती, नाकतोड्याचा पाय हलायचा थांबतो का ते बघतात तशी. हातात काहीही असू दे, असं मीच म्हटलं होतं.

मी मुठी उघडल्या. बांबू पाठीमागे पडला. मी दोन्ही हात वर घेतले आणि तशीच उभी राहिले, धापा टाकत. ती माझ्या रिकाम्या हातांकडे बराच वेळ बघत होती. मग आईपाशी जाऊन बसली.

पुढचं पुढे झालं. तो रिक्षात बसून दवाखान्यात गेला आणि तिथून पोलिसांत, शाळेतल्या बाईने बांबूने मारलं म्हणून. चौकीवर साहेबांनी पालकांना बोलावलं. दात पडलेल्या पोराची आई सगळ्यांच्या पुढे. "कसला बांबू?" ती म्हणाली. "मुलं अंगावर पडली, तो आपटला." बाकीच्यांनीही बांबू बघितलेला नव्हता. मोबाइलमध्ये शूटिंग होतं, अंगठा मोडला तिथपर्यंतचंच, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तिथपर्यंतच. तिची आई प्लास्टर घातलेला हात घेऊन आली, तिच्यासोबत मुलुंडचा भाऊ. तिने तक्रार लिहून दिली, डाव्या हाताने सही केली आणि पोरीला घेऊन भावाकडे राहायला गेली. ग्रुपवर पोरीला काढायचं पुन्हा कुणी लिहिलं नाही. मैत्रीण काही दिवस माझ्याशी बोलत नव्हती. मुलांसमोर बांबू उचललास, म्हणाली. तिचं बरोबर आहे. पण तो उचलला याचं मला वाईट वाटत नाही, आणि टाकला याचं कौतुक मी कुणाला करू देत नाही.

एका सकाळी मामा पोरीला मुलुंडहून घेऊन आला. लाल बूट पायांत, या वेळी नीट. खुंट आम्ही पुन्हा रोवला होता. तिने त्या दात पडलेल्या पोराला विचारलं, लढायचं का. तो जरा घाबरतच आत गेला. त्याने तिच्या खांद्याला नुसतं बोट लावलं आणि तिने अंगठा वर केला. "टाइमप्लीज." पोराने हात वर घेतले. तिने अंगठा खाली घेतला. त्याने पुन्हा बोट लावलं. "टाइमप्लीज." पुन्हा हात वर. असं किती वेळ चाललं. मग तो कंटाळून म्हणाला, "तू लढ ना यार," पण हात वर घेऊनच म्हणाला.

नंतर ती गोलाबाहेर आली आणि वाडीभर फिरायला लागली. पाणी ओतणाऱ्या पोरीसमोर गेली, टाइमप्लीज. चिखलाचे लाडू वळणाऱ्यांसमोर गेली, टाइमप्लीज. झाडाला दोर बांधणाऱ्या छोट्या ताईसमोर गेली, दोर सुटून खाली पडला. कुणी तिला काही करत नव्हतं, तरी जिथे जाईल तिथे हात वर, चिखलाचे, ओले, दोराने लाल झालेले. ती प्रत्येकाचे हात नीट बघायची आणि पुढे जायची.

सगळ्यात शेवटी माझ्याकडे आली. मी खाऊसाठी केळी सोलून चिरत होते. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात साल. तिने वाकडा अंगठा ओठांना लावला आणि वर केला. मी सुरी खाली ठेवली, साल टाकली आणि हात वर घेतले.

"खाली घेऊ का गं आता?" थोड्या वेळाने मी विचारलं. "पोरं भुकेली आहेत."

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही."

मी हात वर धरून उभी राहिले.